संशोधनासाठी कोणते शोधयंत्र, केव्हा?

शोधयंत्र उघडण्याआधी कागदावर एवढेच लिहावे: आपल्याला विषयाची तोंडओळख हवी आहे, शोधनिबंध हवा आहे की मूळ दस्तऐवज? या गोष्टी एका जागी मिळत नाहीत. महाराष्ट्रातील १९७२ च्या दुष्काळावर प्रकल्प करायचा आहे, असे धरून चालू.

सुरुवात गूगल किंवा बिंगवर करण्यास हरकत नाही. मात्र तेथे माहितीपेक्षा शब्द गोळा करावेत. नुसते 'दुष्काळ' लिहिले तर ताज्या बातम्यांचाच ढीग पुढे येतो. 'सुकडी' (दुष्काळात वाटले जाणारे पौष्टिक खाद्य), 'मिलो' (परदेशातून आलेली लाल ज्वारी), 'दुष्काळी कामे', 'खडी फोडणे' हे त्या काळातले शब्द जोडले की आठवणी आणि जुने लेख हाती लागू लागतात. शब्दसमूह अवतरणचिन्हांत घालावा आणि वर्ष मराठी व इंग्रजी अशा दोन्ही अंकांत टाकून पाहावे.

त्यानंतर, २००४ पासून उपलब्ध असलेल्या, शोधनिबंध शोधून देणाऱ्या गूगल स्कॉलरकडे वळावे. येथे मराठीचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून या दुष्काळाशी जोडलेल्या रोजगार हमी योजनेचे इंग्रजी नाव (Employment Guarantee Scheme) वापरावे. एखादा चांगला निबंध सापडला की तो पुढे कोणी उद्धृत केला, हे त्याच्याखालील दुव्यावरून पाहावे. माझ्या मते या यंत्राची खरी ताकद तीच आहे. मात्र येथे दिसणारे सारे तज्ज्ञांनी तपासलेले असते, असे समजू नये. सुमार नियतकालिकेही त्यात असतात.

भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे 'शोधगंगा' हे भांडार पाहावे. अनेक प्रबंध म्हणजे पानांची नुसती छायाचित्रे असल्यामुळे आतला मजकूर शोधात येईलच असे नाही. म्हणून शीर्षकात येऊ शकणारा व्यापक शब्द देवनागरीत, रोमन लिपीत आणि इंग्रजी प्रतिशब्दाने असा तीनदा शोधावा. प्रबंध मिळाल्यावर आधी त्याची संदर्भसूची वाचावी, कारण अर्धे काम कोणीतरी आधीच करून ठेवलेले असते.

कायद्याचा मजकूर मात्र कोणाच्या लेखातून घेऊ नये. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ चा, पण तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. या दोन तारखांची गल्लत टाळण्यासाठी शोध सरकारी संकेतस्थळांपुरता मर्यादित करून मूळ प्रतच उघडावी.

प्रत्येक शोधाचे शब्द, यंत्राचे नाव आणि दिनांक वहीत टिपून ठेवावा. महिन्याभराने मार्गदर्शकांनी विचारले, तर तोच निबंध पुन्हा काढून दाखवता येतो.