रोमन ब्रिटनमधले पात्र रचताना या चुका टाळा

पहिल्या सेशनला झकास वाटलेले पात्र तिसऱ्या-चौथ्या सेशनपर्यंत निकामी होते, हा अनुभव टेबलाभोवती बसून रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्या बहुतेकांना आलेला असतो. रोमन अमलाखालचा ब्रिटन ही पार्श्वभूमी घेतली की हे हमखास घडते, आणि त्याचे मूळ नियमपुस्तकात नसून बहुधा कॅरॅक्टर शीटच्या, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदाच्या, पहिल्या चार ओळींतच असते. आमच्या गटात एका खेळाडूने आणलेले पात्र असे होते: अंग निळे रंगवलेले, पाठीवर लांब तलवार, गाव रोमनांनी जाळलेले आणि मनात सुडाखेरीज काहीही नाही. लोंडिनियमच्या, म्हणजे आजच्या लंडनच्या, पुलावर पहाऱ्याच्या शिपायाने त्याला विचारले, "तू कोणाचा माणूस?" खेळाडूकडे फासे टाकण्यापलीकडे उत्तर नव्हते. शिपाई मेला, पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) पळाली आणि पुढची दोन सेशन्स त्या पळापळीतच संपली.

शिपायाचा प्रश्न मात्र अगदी रास्त होता, आणि पात्र रचताना तोच सर्वांत आधी विचारायला हवा.

साल न ठरवता सुरुवात करणे

सम्राट क्लॉडियसच्या फौजा इ.स. ४३ मध्ये उतरल्या आणि रोमन सत्ता साधारण ४१० च्या सुमारास ओसरली. या साडेतीनशेहून अधिक वर्षांना एकच रंग फासता येत नाही. इ.स. ४७ मध्ये गव्हर्नर ओस्टोरियस स्कॅपुलाने जमातींची शस्त्रे काढून घेण्याचे ठरवले आणि आइसेनी जमात बिथरली. ६०-६१ मध्ये त्याच जमातीच्या राणी बूडिकाने कॅमुलोडुनम (आजचे कोल्चेस्टर), लोंडिनियम आणि व्हेरुलामियम (आजचे सेंट ऑल्बन्स) ही तिन्ही शहरे जाळली. २१२ मध्ये साम्राज्यातल्या जवळपास सर्व मुक्त माणसांना नागरिकत्व मिळाले. एकच शेतकरी या तीन सालांत तीन निरनिराळी माणसे ठरतो. आम्ही बहुतेक वेळा इ.स. १२२ धरतो, कारण त्या वर्षी सम्राट हेड्रियन स्वतः बेटावर आला आणि उत्तरेतली भिंत बांधायला निघाली. साहजिकच शिपाई, गवंडी, ठेकेदार आणि वेठबिगार अशी सर्व तऱ्हेची माणसे एका जागी आणता येतात.

"रोमन" आणि "केल्ट" असे दोनच गट मानणे

सर्वाधिक पात्रे या चुकीपायी बुडतात. पुढे बांधलेल्या या भिंतीच्या दक्षिणेला असलेल्या विंडोलांडा किल्ल्यात इ.स. १०० च्या आसपास राहणारे "रोमन" शिपाई प्रत्यक्षात ऱ्हाइनच्या मुखाकडचे बटावियन होते. तिथे सापडलेल्या लाकडी पत्रांत कोणी मोजे आणि अंतर्वस्त्रे पाठवल्याचा हिशेब आहे, सेनाधिकाऱ्याच्या पत्नीला मैत्रिणीने वाढदिवसाला बोलावले आहे, आणि स्थानिकांचा उल्लेख "ब्रितुंकुली" असा, म्हणजे "फडतूस ब्रिटन" अशा तुच्छतेच्या सुरात आला आहे. नवल हे की तुच्छतेने बोलणाऱ्या त्या मंडळींचे वाडवडीलही रोमच्या अमलाखाली आलेल्या जमातीतलेच होते.

उलट दिशेचे उदाहरण नोव्हांटिकोचे. हा रॅटेचा, म्हणजे आजच्या लेस्टरचा माणूस. ब्रिटनमध्ये उभारलेल्या सहायक पलटणीत, म्हणजे नागरिक नसलेल्यांच्या तुकडीत, भरती होऊन तो डॅन्यूबपारच्या डेशियाच्या (आजच्या रोमेनियाच्या) युद्धात लढला, आणि इ.स. १०६ मध्ये कांस्यपत्रावर कोरलेली सनद घेऊन रोमन नागरिक झाला. तेव्हापासून त्याचे नाव मार्कस उल्पियस नोव्हांटिको असे झाले: पुढची दोन नावे सम्राट ट्रेजनची, शेवटचे घरचे. पात्राचे नाव ठेवण्याची रीत यातच आली. नागरिक नसलेल्याला एकच नाव आणि बापाचे नाव पुरे. तीन नावे लावली की ती कोणाकडून मिळाली हे खेळाडूला सांगता आले पाहिजे.

दास हा तिसरा दर्जा. खेळाडू त्याला सहसा हातच लावत नाहीत. लंडनमध्ये फोर्चुनाटा नावाच्या गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) मुलीच्या विक्रीचा दस्तऐवज सापडला आहे. ती प्रकृतीने धड आहे, भटकण्याची वा पळून जाण्याची खोड तिला नाही, अशी हमी देऊन तिला ६०० देनारींना (रोमन चांदीच्या नाण्यांना) विकले आहे. सम्राट डोमिशियनने वाढ केल्यानंतर लीजनच्या, म्हणजे नागरिकांच्या मुख्य फौजेच्या, साध्या शिपायाचा वर्षाचा पगार ३०० देनारी होता, म्हणजे किंमत झाली दोन वर्षांच्या पगाराएवढी. खरी गोम पुढे आहे: तिला विकत घेणारा व्हेजेटस हा स्वतःच दास होता, आणि त्याचा मालक मोंटानस हा सम्राटाचा दास होता. अशी उतरंड मनाने रचायला गेलो तर कोणी विश्वास ठेवणार नाही. "कोणाचा माणूस?" या प्रश्नाचे उत्तर इथे तीन पायऱ्यांनी थेट सम्राटापर्यंत पोहोचते, आणि प्रत्येक पायरीवर गेम मास्टरला (खेळाची कथा चालवणाऱ्याला) एक कथानक मिळते.

आयर्लंड, स्कॉटलंड आणि मध्ययुग यांची खिचडी

हे थोडक्यात आटोपता येईल. "मॅक" लावलेली नावे, सावेन आणि बेल्टेन हे सण आयरिश परंपरेतले असून त्यांची वर्णने मध्ययुगीन ग्रंथांत येतात; कुळाचा चौकड्यांचा किल्ट तर त्याहून कितीतरी अलीकडचा. स्टोनहेंज हे दगडांचे वर्तुळ ड्रुइडांनी, म्हणजे केल्ट जमातींच्या पुरोहितांनी, बांधलेले नाही, ते त्यांच्याहून दोन हजार वर्षांनी जुने आहे. आणि पात्राच्या शिदोरीत बटाटा आढळला तर तो निमूटपणे काढून टाकावा.

ड्रुइडाबद्दल मात्र थोडे थांबावे लागेल, कारण प्रत्येक गटात एकाला तरी ड्रुइड व्हायचेच असते. इ.स. ६० च्या सुमारास गव्हर्नर सुएटोनियस पॉलिनसने ड्रुइडांच्या मोना बेटावर (आजच्या अँगलसीवर) चाल करून त्यांच्या पवित्र राया तोडल्या. १२२ मध्ये उघडपणे फिरणारा तरुण ड्रुइड म्हणूनच पटत नाही. पण त्या वर्षी पंचाहत्तरीत असलेली आजी मोनाच्या वेळी तेरा वर्षांची असेल. ड्रुइडांची विद्या लेखी नसे आणि ती पाठ करायला वीस वर्षेही लागत, असे सीझर लिहितो. तेव्हा त्या आजीकडून अर्धवट ऐकलेली, मधले चरण गाळलेली विद्या घेऊन फिरणारे पात्र करावे. ज्याचे मंत्र कधी लागू पडतात आणि कधी उलटतात, त्याला फाशांचा चंचलपणाही शोभून दिसतो.

जादू म्हणजे अग्निगोल समजणे

या प्रांतातली जादू आयती हाताशी असताना खेळाडू ती बाहेरून का आणतात, हे मला आजवर उमगलेले नाही. अ‍ॅक्वे सुलिस, म्हणजे आजचे बाथ, येथील गरम पाण्याच्या झऱ्यात सुलिस मिनर्व्हा या देवीला उद्देशून लिहिलेले सुमारे १३० शापपत्रे सापडली आहेत: शिशाचे पातळ पत्रे, त्यावर टोकदार लेखणीने कोरलेली तक्रार. डोसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे चोरीला गेले, तर चोराची बुद्धी आणि डोळे जावेत अशी त्याची मागणी आहे. लोवर्निस्का नावाच्या बाईचे डोक्यावरून घ्यायचे वस्त्र गेले होते. चोर कोण हे ठाऊक नसल्याने "पुरुष असो वा स्त्री, दास असो वा मुक्त" अशी कायदेशीर दस्तऐवजात शोभावी तशी भाषा या पत्रांत वारंवार येते, आणि काही पत्रे मुद्दाम उलट्या क्रमाने लिहिलेली आहेत.

यामागची यंत्रणा नीट पाहावी. पुष्कळ वेळा फिर्यादी चोरी गेलेली वस्तू किंवा चोरच देवीला अर्पण करून टाकतो. त्यामुळे चोर आता देवीचा गुन्हेगार होतो. खेळाचा नियम म्हणून याहून सुंदर काय हवे? शाप द्यायचा तर वस्तूवरचा हक्क सोडावा लागेल, शब्दरचना चोख हवी, आणि एखादी पळवाट राहिली तर शाप त्यातून निसटेल. याचीच दुसरी बाजू म्हणजे वेदीवर कोरलेली "व्ही. एस. एल. एम." ही चार अक्षरे; त्यांचा अर्थ नवस खुशीने आणि देवतेला तो योग्यच म्हणून फेडला. नवस बोलून न फेडणारे पात्र कोणत्या अडचणीत येईल, हे मराठी खेळाडूला समजावून सांगावे लागत नाही.

तेच पात्र, दुरुस्तीनंतर

त्या खेळाडूला आम्ही पात्र टाकून द्यायला सांगितले नाही. निळा रंग पुसला, जळालेल्या गावाच्या जागी कर्ज आणले. लंडनमधल्या इ.स. ५७ च्या एका लाकडी पाटीवर १०५ देनारींच्या देण्याची कबुली आहे. तोच आकडा आम्ही उचलला. तलवार आता काकाची: तो पंचवीस वर्षे डॅन्यूबकाठी नोकरी करून नागरिक होऊन परतला, पण पुतण्या नागरिक नाही. शिकार आणि प्रवासापुरती सोडली तर रोमन कायद्याला घरोघरी शस्त्रे नको होती, म्हणून तलवार गाठोड्यात, लोकरीखाली. काकाची कांस्य सनद कमरेला, आणि ती सावकाराकडे गहाण ठेवायला निघालेला हा पोरगा.

पुलावर तोच शिपाई उभा होता. "तू कोणाचा माणूस?" खेळाडू थोडा वेळ गप्प बसला आणि मग त्याने गेम मास्टरला विचारले, "काकाचा म्हणालो तर हा गाठोडे उघडून बघेल का?"