इंग्रजी शब्दाचे मूळ कसे शोधावे

शब्दाचे मूळ शोधताना आजच्या रूपापासून सुरुवात करून एकेक पायरी मागे जावे. थेट लॅटिनवर किंवा संस्कृतवर उडी घेऊ नये. त्यासाठी ऐतिहासिक पद्धतीचा शब्दकोश हाताशी हवा. १८८४ ते १९२८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झालेला ऑक्सफर्डचा कोश याच कामाचा आहे, कारण तो प्रत्येक अर्थाची जुनी अवतरणे कालक्रमाने देतो.

प्रथम शब्दाची सर्वांत जुनी नोंद आणि तेव्हाचे स्पेलिंग व अर्थ टिपून घ्यावेत. बेट या अर्थाचा ‘आयलंड’ पाहा. जुन्या इंग्रजीत तो ‘ईगलंड’ असा लिहिला जाई. त्यात ‘एस’ नव्हताच. लॅटिन ‘इन्सुला’पासून फ्रेंचमार्गे आलेल्या ‘आइल’ या समानार्थी शब्दाच्या प्रभावामुळे तो पुढे स्पेलिंगमध्ये शिरला, उच्चारात मात्र कधीच आला नाही. नुसत्या आजच्या स्पेलिंगवर विसंबणारा माणूस इथे हमखास ‘इन्सुला’च्या वाटेला लागतो.

यानंतरचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: शब्द वारशाने आला की उसना घेतला? याचे उत्तर ध्वनी देतात. संस्कृत, लॅटिन आणि इंग्रजी या एकाच मूळ भाषेतून निघालेल्या भाषा आहेत. संस्कृत ‘पाद’मधल्या ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’ आणि ‘द’च्या जागी ‘ट’ येऊन ‘फूट’ दिसतो. हाच ‘द’चा ‘ट’ ‘दश’ आणि ‘टेन’ या जोडीतही सापडतो. जर्मनिक भाषांतल्या, म्हणजे इंग्रजी, जर्मन ज्या गटात मोडतात त्यातल्या, या नियमित बदलाची मांडणी जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये केली. उलट ‘पेडल’मध्ये ‘प’ आणि ‘ड’ जसेच्या तसे आहेत, कारण तो त्याच मुळाच्या लॅटिन शाखेतून, इटालियन आणि फ्रेंचमार्गे, बदल होऊन गेल्यावर इंग्रजीत आला.

कोशात एखाद्या रूपापुढे तारांकन दिसले, तर ते लेखी पुराव्यात सापडलेले नसून नात्यातल्या भाषांमधल्या रूपांची तुलना करून अंदाजाने बांधलेले आहे, असे समजावे.

केवळ साम्यावर नाते जोडू नये. इंग्रजी ‘बॅड’ आणि ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ यांचा ध्वनी आणि अर्थ दोन्ही जुळतात, तरी जुनी रूपे तपासली की ते वेगवेगळ्या मुळांचे ठरतात. माग जिथे संपेल तिथे तशी नोंद करावी. ‘डॉग’ हा रोजचा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘डॉगा’पर्यंत नेता येतो, त्यामागचे खात्रीचे मूळ अभ्यासकांना अजून सापडलेले नाही.