प्रोग्रामच्या लॉगचे मेल गठ्ठ्याने कसे पाठवावे: लाइन जाते तिथली पद्धत

कापसाच्या हंगामात जिनिंगवरच्या वजनकाट्याचा प्रोग्राम सकाळी सुरू होतो, तो गाड्या संपेपर्यंत चालतो. काही बिघडलं तर नागपुरात बसलेल्या माणसाला ते कळायला हवं, म्हणून लॉग, म्हणजे प्रोग्राम चालताना स्वतः लिहीत जातो त्या नोंदी, मेलने पाठवायचा. पायथॉनमध्ये लॉगची ओळ कुठे जायची ते हँडलर नावाचा भाग बघतो. मेलसाठी एसएमटीपी-हँडलर तयार मिळतो, पण तो प्रत्येक ओळीला एक मेल पाठवतो. काट्याची केबल निसटून प्रोग्राम दर सेकंदाला तीच तक्रार लिहू लागला, तर अर्ध्या तासात १,८०० मेल होतात. साध्या जीमेल खात्याची मर्यादा दिवसाला ५०० च्या आसपास आहे.

मग बरेच जण मधे मेमरी-हँडलर लावतात. त्याने काम होत नाही. तो ओळी साठवतो, पण सोडताना पुढच्या हँडलरला एकेक करूनच देतो. मेल तेवढेच, फक्त उशिरा. ओळी साठवणाऱ्या बफरिंग-हँडलरवरून स्वतःचा क्लास करून त्यातलं फ्लश, म्हणजे साठा सोडणारं फंक्शन, बदललं तर गठ्ठ्याचा एकच मेल जातो. वीज न जाणाऱ्या सर्व्हरला ते पुरतं. खेड्यात मात्र लाइन गेली की मेमरीतला गठ्ठाही जातो, आणि बिघाड शोधायला नेमक्या त्या शेवटच्या ओळीच लागतात. म्हणून लॉग आधी डिस्कवर लिहा आणि मेल वेगळ्या स्क्रिप्टने पाठवा.

१. फाइल. साधा फाइल-हँडलर घ्या, नावात तारीख टाका, एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. विंडोजवर हे राहिलं तर मराठी नावाची पहिलीच ओळ अडते. आपोआप फाइल बदलणारा रोटेटिंग-हँडलर इथे नको: मेलची स्क्रिप्ट फाइल वाचत असताना विंडोज तिचं नाव बदलू देत नाही.

२. खूण. कोणत्या फाइलचे किती बाइट पाठवून झाले, तो आकडा छोट्या फाइलमध्ये ठेवा. स्क्रिप्टने तिथून पुढे वाचायचं, पण शेवटच्या पूर्ण ओळीपर्यंतच. अर्धी लिहिलेली ओळ पुढच्या फेरीला. मेल गेल्यावरच आकडा पुढे सरकवा. मधेच वीज गेली तर त्याच ओळी दोनदा येतील, ते चालतं. क्रम उलटा केला तर ओळी कायमच्या हरवतात.

३. मेल. एका मेलमध्ये ५०० ओळी पुरे. लागोपाठ आलेली तीच ओळ एकदाच लिहून पुढे संख्या द्या: ‘१४:०७:३२ एरर, कॉम ३ वरून वजन आलं नाही (१,८०० वेळा)’. विषयात ठिकाण आणि मोजणी टाका, ‘हिंगणघाट काटा: एरर ३, वॉर्निंग ११’ अशी. लॉगचा मजकूर विषयात नको. त्यात नवी ओळ आली की पायथॉन मेल बनवायलाच नकार देतो.

जीमेलसाठी पोर्ट ५८७, स्टार्ट-टीएलएस (जोडणी सुरक्षित करायची पद्धत) आणि १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड, म्हणजे प्रोग्रामसाठीचा वेगळा पासवर्ड, लागतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केल्याशिवाय तो मिळत नाही.

टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहायची मर्यादा, ३० सेकंद द्याच. नेट अर्धवट असताना टाइमआउट नसलेली स्क्रिप्ट अडकून बसू शकते, आणि ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचा टास्क शेड्युलर आधीची फेरी संपल्याशिवाय नवी सुरू करत नाही. म्हणजे एक फेरी अडकली की नंतर नेट येऊनही मेल जात नाहीत, आणि कुठे काही चुकल्याचं दिसतही नाही.

४. वेळापत्रक. दर ३० मिनिटांनी चालवा. टास्क शेड्युलरमध्ये ‘फक्त एसी पॉवरवर असेल तरच सुरू करा’ ही खूण आधीच लावलेली असते, ती काढा. नाहीतर भारनियमनात लॅपटॉप बॅटरीवर चालतो आणि मेल थांबतात. यूएसबीने जोडलेला यूपीएसही विंडोजला बॅटरीच वाटू शकतो. चुकलेली फेरी लवकरात लवकर चालवण्याचा पर्याय मात्र लावा.

नव्या ओळी नसतील तर मेल नको. पण सकाळी ८ वाजता ‘चालू आहे’ असा एक मेल जाऊ द्या, नाहीतर सगळं ठीक आहे की मशीनच बंद आहे, हे कळत नाही.

तपासायला नेट काढा, पाच वेगवेगळ्या खोट्या एरर लिहा आणि स्क्रिप्ट दोनदा चालवा. खुणेचा आकडा हलता कामा नये. नेट जोडून पुन्हा चालवल्यावर पाचही ओळींचा एकच मेल यायला हवा.