वाकळीला दुहेरी गोट लावण्याची पद्धत

गोव्यातील दमट हवेमुळे वाकळ वरचेवर धुवावी व उन्हात घालावी लागते आणि ती आधी कडेलाच विरते, म्हणून गोट, म्हणजे कडेला लावायची पट्टी, दुहेरीच असावा. सुती कापड आधी धुऊन, आटवून त्याच्या ७ सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापाव्यात. गोलाईला मात्र उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या रेषेत कापलेली, पट्टीच हवी. पट्टी लांबीत दुमडून, तिच्या सुट्या कडा वाकळीच्या कडेशी जुळवून १ सेंटिमीटर आत शिवण घालावी. कोपरा येण्याआधी तेवढ्याच अंतरावर थांबून दोरा तोडावा, पट्टी तिरकी दुमडून वर न्यावी आणि वरच्या कडेशी घडी जुळवून पुन्हा खाली आणावी. या घडीवरून बोट फिरवून ती बसवल्याशिवाय पुढची शिवण घालू नये. माझ्या मते सगळे कसब इथेच आहे. शेवटी पट्टी कडेवरून मागे वळवून मागची बाजू हाताने हेम करावी.