आवाज नाही, रीळ नाही, तरी माहितीपट करायचाय

कोल्हापुरात माहितीपटासाठी माणूस शोधत हिंडावं लागत नाही. अडचण पुढं येते. जयपूर घराण्याचे गायक अल्लादियाखाँसाहेबांनी ध्वनिमुद्रिका काढल्या नाहीत. चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांचा 1925 चा मूळ मूकपट 'सावकारी पाश' आज बघायला मिळत नाही. अशा माणसाला पडद्यावर उभं करायचं, तर वाट शिष्यांच्या दारातून जाते. खाँसाहेबांची तालीम त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकरांच्या गाण्यात ऐकू येते. जुनी तबकडी वापरताना ती कोणत्या साली निघाली ते आधी बघा: ध्वनिमुद्रणाचा हक्क 60 वर्षांचा असतो.

मग राहिली आठवणी सांगणारी माणसं. बहुतेक ऐंशी ओलांडलेली, म्हणून पैशांची जुळणी होईतो थांबू नका. पहिल्या भेटीत कॅमेरा नेऊच नये. दुसऱ्या भेटीत सकाळची वेळ घ्या, दोन तासांवर ताणू नका. पंखा आणि फ्रीज बंद करा. आपल्या गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरत नाही. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर. रेशमी पदराची सळसळ त्यात हमखास येते, तेव्हा पदर दुसऱ्या बाजूला घ्यायला सांगा. कॅमेरा सेकंदाला 25 फ्रेमवर, शटर 1/50 सेकंदावर ठेवा, नाहीतर चित्रात ट्यूबलाइट लुकलुकते. उठण्यापूर्वी खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करा, एडिटिंगला सांधे त्यानंच बुजतात. पत्र्याचं घर असेल तर जुलै-ऑगस्ट सोडाच.

प्रश्नांत नवखे हमखास चुकतात. 'ते कसे होते?' विचारलं की 'देवमाणूस!' एवढंच मिळतं, आणि अशा दहा देवमाणसांची फिल्म होत नाही. 'शिकवताना तंबोरा कोण धरायचं? चुकलं तर काय म्हणायचे?' असं विचारा. बोलणाऱ्याचा हात आपोआप तंबोऱ्यावर गेल्यासारखा हलतो. तो शॉट घ्यायला दुसरा कॅमेरा हातांवरच लावून ठेवावा.

वास्तूंचं चित्रीकरण शेवटावर ढकलू नये. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह 2024 च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत जळालं.

घरातले फोटो बाहेर नेऊ नका. स्कॅनर तिथंच न्या, 600 डीपीआयला स्कॅन करा, परवानगीच्या कागदावर त्याच दिवशी सही घ्या. फोटोची पाठही स्कॅन करा. फोटोग्राफरचा शिक्का, साल, कधी पेन्सिलीनं लिहिलेलं नाव तिथंच सापडतं.