कॅलिफोर्नियात आरव्ही किंवा ट्रेलर घेताय? आधी तो उभा कुठे करणार ते बघा

आरव्ही (आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी) किंवा गाडीमागे जोडून ओढायचा ट्रेलर घेताना आपण किंमत बघतो, आपली गाडी तो ओढेल का बघतो, आत किती जण झोपतील बघतो, पण वर्षातला बराचसा काळ ते धूड नुसतं उभं असणार आहे, ते कुठे, हे बघायचं राहून जातं. म्हणून जागेचं आधी ठरवा, पैसे नंतर भरा. उदाहरण सॅन डिएगोचं देतोय, तुमच्या शहराचे नियम वेगळे असतील, तपासायची पद्धत मात्र हीच.

पहिलं काम, टेप घेऊन मोजा. लांबी म्हणजे नुसता डबा नाही, पुढच्या कपलरच्या (गाडीला जोडायच्या भागाच्या) टोकापासून मागच्या बंपरपर्यंत, आणि उंची छतावरच्या एसीसकट. मॉडेलच्या नावातल्या आकड्यावर विसंबू नका. मग ड्राइव्हवे मोजा, गॅरेजच्या दारापासून फुटपाथच्या आतल्या कडेपर्यंत. ट्रेलर वीतभर जरी फुटपाथवर आला तरी राज्याच्या व्हेइकल कोडच्या (वाहन कायद्याच्या) 22500 कलमाखाली तिकीट मिळू शकतं, आणि ते बरोबरच आहे, कारण व्हीलचेअरवाल्याला किंवा बाबागाडी घेऊन चाललेल्या आईला त्यापायी रस्त्यावर उतरावं लागतं.

रस्त्यावर लावायचा विचार असेल तर सोडाच. एकाच जागी 72 तासांपेक्षा जास्त उभी असलेली गाडी उचलायची मुभा राज्याने शहरांना दिलीय. सॅन डिएगोत तर आरव्ही, ट्रेलर किंवा 27 फुटांपेक्षा लांब आणि 7 फुटांपेक्षा उंच गाडी रात्री 2 ते पहाटे 6 रस्त्यावर परमिटशिवाय चालत नाही. रहिवाशांना 24 तासांचं तात्पुरतं परमिट मिळतं, सामान चढवा-उतरवायला ते पुरतं. आणि रजिस्ट्रेशनचे पैसे वाचवायला डीएमव्हीकडे (राज्याचं वाहन नोंदणी खातं) नॉन-ऑपरेशन, म्हणजे गाडी रस्त्यावर वापरणार नाही असं, फाइल केलं असेल तर ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर लावताच येत नाही, एक रात्रसुद्धा नाही.

आता स्वतःचं आवार. शहराच्या साइटवर म्युनिसिपल कोड (शहराचे कायदे) उघडा, त्यात रिक्रिएशनल व्हेइकल (म्हणजेच आरव्ही), ट्रेलर, सेटबॅक (हद्दीपासून मोकळं सोडायचं अंतर), स्क्रीनिंग (कुंपण वगैरेने झाकणं) हे शब्द सर्च करा. बघायचं काय तर पुढच्या अंगणात परवानगी आहे का, खाली काँक्रीट किंवा खडी लागते का, कुंपण किती उंच हवं, आणि आत राहता येतं का. हे शेवटचं नीट वाचा. भारतातून आई-बाबा आले की त्यांची झोपायची सोय ट्रेलरमध्ये करू असं बरेच जण ठरवतात, पण पुष्कळ शहरांत ड्राइव्हवेवरच्या आरव्हीत राहायला बंदी असते किंवा मोजकेच दिवस चालतं. कोड वाचून कळलं नाही तर प्लॅनिंग डिपार्टमेंटला ईमेल करा, फोनवर नको, उत्तर लेखी हवं.

तुमच्या वसाहतीत एचओए (घरमालकांची संघटना) असेल तर हे सगळं करूनही अर्धंच काम झालं. शहराची परवानगी असली तरी एचओएचा सीसीअँडआर, म्हणजे वसाहतीच्या नियमांचा दस्तऐवज, नाही म्हणू शकतो, आणि तो घर घेताना सही केलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात असतो. बाहेरून दिसता कामा नये, फक्त लोडिंगपुरतं चालेल, अशी कलमं त्यात सर्रास असतात.

कुठेच जमलं नाही तर स्टोरेज यार्ड. तिथे गेट किती वाजता बंद होतं, वर छप्पर आहे का, गल्लीत ट्रेलर वळतो का हे स्वतः जाऊन बघा, आणि उभ्या ट्रेलरवर चोरी-आगीचा विमा चालू ठेवा.

शहराची नोटीस आलीच तर त्यावरची मुदत संपायच्या आत कोड एन्फोर्समेंटला (शहराचे नियम पाळले जातात का बघणारं खातं) फोन करून वाढीव दिवस मागा आणि दिले तर ते ईमेलवर लिहून घ्या.