ऑफशोअर विंडच्या संशोधनाचा कल मांडताय? या चुका टाळा

जानेवारी उजाडला की आमच्या कॉलेजात सेमिनारचे विषय वाटले जातात आणि दोन-तीन पोट्टे तरी ‘ऑफशोअर विंड संशोधनातील कल’ हाच विषय घेऊन माझ्यापुढे उभे राहतात. ऑफशोअर विंड म्हणजे समुद्रात पवनचक्क्या उभारून काढलेली वीज. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. कोणत्याही बाजूने गेलं तरी समुद्र पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. तरी विषय लाडका, कारण त्यात ना प्रयोगशाळा लागते ना यंत्र. स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसातून पेपरांची यादी उतरवायची, दरवर्षी किती पेपर आले त्याचा आलेख काढायचा, झालं! घोळ तिथेच होतो, आणि दरवर्षी तोच.

सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे आलेखातला शेवटचा खांब. एका पोराने २०२२च्या फेब्रुवारीत यादी उतरवली. आलेख १९९१पासूनचा, म्हणजे डेन्मार्कमधल्या विंडेबीला ११ टर्बाइनचं जगातलं पहिलं ऑफशोअर विंड फार्म उभं राहिलं तेव्हापासूनचा. खांब चढत चढत गेलेले आणि शेवटचा एकदम गुडघ्याएवढा. त्यावर पठ्ठ्याने अख्खं पान लिहिलं: कोरोनामुळे निधी आटला, संशोधकांचा रस ओसरला, क्षेत्राला उतरती कळा लागली. मीही घाईत होतो, सही करून मोकळा झालो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच विचारलं, “यादी कोणत्या तारखेची?” पोरगं म्हणालं, “फेब्रुवारीतली, सर.” “मग उरलेले दहा महिने कुठे गेले?” पोरगं माझ्याकडे पाहत होतं, मी पंख्याकडे.

दसऱ्याला पहिल्या वेचणीचा कापूस मोजायचा आणि हंगाम बुडाला म्हणून ओरडायचं, त्यातला हा प्रकार. ज्यांच्या घरी कापूस आहे त्यांना हे सांगावं लागतं याचंच मला नवल वाटतं. बरं, चालू वर्ष वगळलं म्हणजे सुटलो असंही नाही. पेपर छापून आला तरी डेटाबेसात त्याची नोंद व्हायला वेळ लागतो; मागच्या वर्षाची फरदड नवं वर्ष लागल्यावरही महिनोन्‌महिने येत राहते. मी मे महिन्याआधी मागचं वर्ष मोजत नाही. यादी उतरवल्याची तारीख आलेखाच्या डोक्यावर पेनाने लिहितो. आणि आलेखाला कारण चिकटवायच्या आधी खांबात काय मोजलंय ते विचारतो. कोरोना काय, कोणत्याही खड्ड्यात बसतो.

दुसरी चूक शोधशब्दांची, आणि ही तर नुसत्या आळसाची. ‘ऑफशोअर विंड’ एवढेच दोन शब्द टाकले की काम झालं असं पोरांना वाटतं. हवामानशास्त्रात या शब्दांचा अर्थ वेगळा आहे: जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना? त्यातले मतलई. गेल्या वर्षी एका मुलीने सॉफ्टवेअरमधून यादीतल्या पेपरांत एकत्र येणाऱ्या शब्दांचं रंगीत जाळं काढून आणलं. त्यात एक ठसठशीत ठिपका वणव्यांचा. तिने त्याला उपशीर्षकही देऊन टाकलं, ‘वणवे आणि सागरी पवनऊर्जा: एक उदयोन्मुख विषय’. मी म्हटलं, “समुद्रात वणवा पेटला कसा बाई?” तर म्हणते, “सॉफ्टवेअरनंच दाखवला, सर.”

कॅलिफोर्नियात वाळवंटाकडून समुद्राकडे ‘सँटा अ‍ॅना’ नावाचे कोरडे वारे सुटतात, त्यांनी वणवे भडकतात. त्यांनाही ऑफशोअर विंडच म्हणतात. यादी उघडून पहिली वीस शीर्षकं वाचली असती तरी समजलं असतं.

माझी पद्धत जुनाट आहे. शोधात टर्बाइन, फार्म, एनर्जी यांपैकी एक तरी शब्द सक्तीचा करतो. मग पहिली दोनशे शीर्षकं छापून लाल पेन्सिलीने एकेक खोडत जातो. एक संध्याकाळ जाते. लाईट गेली तर कंदिलावरही होतं. मग उलट बाजूने पाहतो, की काय निसटलं. तरंगत्या टर्बाइनवरच्या कितीतरी पेपरांच्या शीर्षकात ‘ऑफशोअर’ शब्दच नसतो, नुसतं ‘फ्लोटिंग विंड टर्बाइन’. २०१७मध्ये स्कॉटलंडजवळ ६ मेगावॉटची पाच तरंगती टर्बाइनं घेऊन हायविंड नावाचं विंड फार्म सुरू झालं. त्या विषयावरचं लिखाण तर या क्षेत्रातला मोठा कल आहे. तेच यादीबाहेर राहिलं तर मांडणार काय?

त्याच रंगीत जाळ्यात ‘फार्म’ आणि ‘फार्म्स’ असे दोन वेगळे ठिपके दिसले की मी वही परत करतो. समानार्थी शब्दांची फाइल जोडायला दहा मिनिटं लागतात.

साइटेशनची, म्हणजे इतर पेपरांनी किती वेळा संदर्भ दिला त्याची, नुसती बेरीज करून ‘सर्वांत प्रभावी पेपर’ ठरवू नका. २००५च्या पेपरला २०२३च्यापेक्षा अठरा वर्षं जास्त मिळाली. वर्षांनी भागा.

‘५ मेगावॉटच्या टर्बाइनला उद्योगाची पसंती’ हे वाक्यही दरवर्षी येतं, कारण निम्म्या पेपरांत तेच टर्बाइन दिसतं. हे अमेरिकेच्या एनआरईएल प्रयोगशाळेने २००९मध्ये मांडलेलं संदर्भ-टर्बाइन आहे: १२६ मीटर व्यासाचा रोटर म्हणजे पात्यांचं चक्र, ९० मीटर उंचीवर त्याचा मधला तुंबा म्हणजे हब, सगळी मोजमापं सर्वांना खुली, म्हणून जो तो गणितासाठी तेच घेतो. बांधलेलं कुठेच नाही. एकाने विचारलं होतं, “सर, हे टर्बाइन कोन्या देशात हाय?” “पीडीएफात,” म्हटलं. २०२०पासून त्याच्या जोडीला १५ मेगावॉटचं, २४० मीटर रोटरचं आलं आहे. तेही कागदावरचंच.

भारताच्या प्रकरणात घोषणा आणि यंत्रं एकाच रकान्यात घालू नका. आपलं ऑफशोअर विंडचं धोरण २०१५चं. २०२४मध्ये केंद्राने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली, १,००० मेगावॉटसाठी, निम्मं गुजरातजवळ, निम्मं तामिळनाडूजवळ. हा मंजुरीचा आकडा आहे, फिरणाऱ्या पात्यांचा नाही.

एआयकडून घेतलेले संदर्भ मी उघडून पाहतो. न सापडलेल्या प्रत्येक संदर्भाचे दोन गुण जातात.

ज्यांचा सेमिनार माझ्याकडे आहे त्यांनी सोमवारी छापील यादी आणावी, लाल पेन्सिलीने खोडलेली. पेनड्राइव्ह घेणार नाही.